कॅरम क्लबातली कचेरी

आपल्याकडे घराचे उपकार मानायची रीत आहे. वास्तुशांत करतो, वास्तुपुरुषाला कोपऱ्यात पुरतो, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून घरात वाईट बोलत नाही. पण हे सगळं आपापल्या घराचं. दुसऱ्याच्या मालकीच्या, धड घरही नसलेल्या, भाड्यानं दिलेल्या एका इमारतीचे उपकार कसे मानायचे हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

ही इमारत चेन्नईत मैलापूरला, आमच्या मागच्या गल्लीत आहे. बैठी, पिवळ्या चुन्याची, लाकडी तुळयांवर विटांचं छत, खाली लाल कोबा. अर्ध्या भागाला शटर लावून तिथे टी. नगरच्या एका दुकानानं स्टीलच्या भांड्यांचं गोदाम केलं आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे एक लांबट हॉल. त्यात सकाळी योगाचा वर्ग असतो, आणि एरवी तो कोणी भाड्यानं घेतला तर घेतला. दारावर कधीकाळी पाटी होती, तिचे फक्त चार खिळे राहिले आहेत. मी आठ वर्षं तिच्यावरून ये-जा केली आणि एकदाही मान वळवून पाहिलं नाही. शोळिंगनल्लूरची बस गाठायची असली की माणूस मान वळवत नाही.

आई गेल्या श्रावणात गेली. अचानकच. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, फलटणला दोघं सुखानं राहत होते. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मी म्हटलं चला माझ्याकडे. ते म्हणाले, बघू. संक्रांत होईपर्यंत ते बघतच होते. मग शेजारच्या वहिनींचा मला फोन आला. त्या जरा अडखळतच म्हणाल्या की बाबा डबा परत पाठवतात, आणि परवा दूधवाल्याला म्हणाले, उद्या दोन लिटर चीक दे, हिला खरवस करायचा आहे. मी त्याच आठवड्यात जाऊन त्यांना घेऊन आले.

बाबांना वेड लागलं नव्हतं, हे आधी स्पष्ट करते. त्यांचे व्यवहार चोख होते, पेन्शनच्या कागदांत एक चूक नव्हती. फक्त आई गेली हे वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं. कोणी सांत्वनाला आलं तर ते पाण्याविषयी बोलत. एखाद्याला बातमी कळलेली नसली आणि त्यानं फोनवर विचारलंच, वहिनी कशा आहेत, तर म्हणत, बरंय, आणि विषय बदलत. मी समोर असले तर माझ्याकडे बघत नसत. इथे आल्यावरही तेच चाललं. मी आणि नवरा, दोघंही सकाळी आठला घर सोडणारे. बाबा दिवसभर खिडकीत. त्यांना तमिळ येत नव्हतं, आणि शिकवायला गेले तर पालथ्या घड्यावर पाणी. जेवण दोन घास. आल्या आल्याच त्यांनी अक्षय तृतीयेच्या आधीचं परतीचं तिकीट माझ्याकडून काढून घेतलं होतं आणि ते पाकिटात घडी करून ठेवलं होतं. मला त्या तिकिटाची धास्ती होती. ते त्या बंद घरात परत जाणार, कुलूप उघडणार, आणि आत आई आहे अशा हिशेबानं एकटे राहू लागणार, हे मला दिसत होतं. मी भांडले, रडले, नवऱ्याला मध्ये घातलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसे बाबा. म्हणाले, घर बंद ठेवलं की भिंतींना ओल धरते.

आणि मग एक दिवस मी ऑफिसातून आले तर बाबा दारात उभे. चेहऱ्यावर तेज म्हणावं असं काहीतरी. मी चपला काढायच्या आतच त्यांनी सांगितलं, "अगं, मागच्या गल्लीत कचेरी होती. आपल्याच खात्याची असावी."

झालं होतं असं. बाबा दुपारी पाय मोकळे करायला म्हणून मागच्या गल्लीत गेले. हॉलच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाबा उन्हानं थबकले, सवयीनं 'आई गं' असं पुटपुटले, आणि त्या गृहस्थांनी वर बघून विचारलं, "तुम्हीं मऱ्हाटे कीं?" बाबांना वाटलं आपल्याला भास झाला.

ते गृहस्थ तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी मराठी राजांबरोबर खाली आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकली की माझ्या मनात पोथी आणि सांबार दोन्ही एकदम येतात. रेल्वेत अधिकारी होते, आता निवृत्त. इमारत त्यांच्या वडिलांची, आणि ते स्वतः इथे चालणाऱ्या कॅरम क्लबचे शेवटचे सेक्रेटरी. क्लब बंद पडून बरीच वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना अजून सगळे सेक्रेटरीच म्हणतात. आम्हीही तेच म्हणू लागलो. कान जरा मंद होते. वाक्याचा अर्धा भाग त्यांना ऐकू यायचा आणि उरलेला ते मनानं भरायचे.

तर सेक्रेटरींनी बाबांना आत नेलं, कॅरमची जागा दाखवली, आणि म्हणाले की क्लब तर नंतरचा, त्याच्याही आधी इथे कच्चेरी होत असे. बाबांच्या कानाला एवढंच पुरलं. माणूस सारी नोकरी कचेरीत घालवतो, मग परमुलखात, जिथे पाट्या वाचता येत नाहीत आणि भाजीवाल्याशी खुणांनी बोलावं लागतं, तिथे कोणी त्याला सांगतं की या छपराखाली कचेरी होती. बाबांना माहेर भेटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज जाऊ लागले. दुपारचा चहा घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला परत. रात्री जेवताना मला अहवाल मिळायचा, आणि अहवाल देता देता पोळी संपायची, म्हणून मी तो कान देऊन ऐकायचे. बाबांनी विचारलं होतं, कुठल्या खात्याची कचेरी? सेक्रेटरींना 'खात्याची' ऐवजी 'खायची' ऐकू आलं. ते म्हणाले, खायचें मागल्या बाजूस, तिकडे कॅन्टीन होतें, पोंगल आणि कापी फार नामी. बाबांनी मनात नोंद केली की स्वतःचं कॅन्टीन असणारी कचेरी म्हणजे जिल्ह्याच्या दर्जाची. मग सेक्रेटरी म्हणाले, वर्षाचा खरा जोर मार्गशीर्षात, डिसेंबरात, तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसे. बाबांच्या दृष्टीनं इथे संशयाला जागाच उरली नाही. डिसेंबर म्हणजे रब्बीचं पाणी. फलटणलाही त्याच दिवसांत लोक कचेरीच्या व्हरांड्यात दाटी करत.

आणि मग आलं आवर्तन. महाराष्ट्रात कालव्याचं पाणी ठरलेल्या पाळीनं सोडतात त्याला आवर्तन म्हणतात, आणि बाबांची उभी हयात त्या एका शब्दात गेली. सेक्रेटरी आपण होऊन म्हणाले की शेवटाकडे आवर्तन असे, आणि ते सुरू झालं की लोक उठून कॅन्टीनला जात. बाबा चाटच पडले. "आमच्याकडे बरोबर उलटं," त्यांनी मला वरण वाढून घेत सांगितलं. "आवर्तन सुरू झालं की लोक कॅन्टीनमधून उठून आमच्या अंगावर येत. इथली माणसं फार शांत." तमिळ माणसाच्या सोशिकतेविषयीचं त्यांचं मत त्या दिवसापासून फारच उंचावलं.

त्याच्याही पुढे तुकडे होते. सेक्रेटरी म्हणाले, आवर्तन झालं की सर्वांत शेवटी तुक्कडा. बाबा म्हणाले, बरोबर आहे, जमिनीच्या तुकड्यांची प्रकरणं किचकट, वेळ खातात, ती शेवटीच घ्यावीत. सेक्रेटरी म्हणाले, सरी. सरी म्हणजे इथे 'ठीक आहे'. बाबांना ती सही वाटली.

असं करत करत बाबांनी त्या इमारतीचा सबंध इतिहास उभा केला. हॉलच्या टोकाला हातभर उंचीचा एक ओटा आहे, तिथे साहेबांचं टेबल. भिंतीत लाकडी खण आहेत, प्रत्येकावर नंबर रंगवलेला, ते दप्तराचे खण. सेक्रेटरींनी सांगून पाहिलं की हे क्लबाच्या सभासदांचे, ज्याचा त्याचा स्ट्रायकर ठेवायचे. बाबांनी मान डोलावली आणि मला येऊन म्हणाले की कॅरमवाल्यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन सरकारी खण बळकावले. कोब्याच्या भेगांत पांढरी पूड अजून सापडते. ती बोरिक पावडर, कॅरमची, हे मात्र त्यांनी मान्य केलं. क्लब हा त्यांच्या इतिहासातला उत्तरकाळ होता, राज्य खालसा झाल्यानंतरचा.

मला खरं तर शंका यायला हवी होती. आठ वर्षं मैलापुरात राहून कच्चेरी म्हणजे गाण्याची बैठक हे मला माहीत नव्हतं असं नाही. डिसेंबरात तर हा शब्द चौकाचौकात टांगलेला असतो. पण बाबांच्या तोंडून तो आला तेव्हा तो फलटणचा होऊन आला, अगदी फायलींच्या वासासकट, आणि पाटबंधारे हे त्यांनी आपल्या पदरचं पुढे जोडून दिलं होतं. इथे कोणी ध चा मा केला नव्हता. शब्द तोच होता, फक्त दोन गावांत तो दोन वेगळी कामं करत होता. शिवाय बाबा जेवत होते. मी कशाला चौकशी करते.

दुपारी दोघं कॅरमही खेळू लागले. क्लबाचा एकच बोर्ड उरला होता, पण काय बोर्ड, नुसती फुंकर मारली तर सोंगटी सरकेल असा गुळगुळीत. बाबा राणी म्हणत, सेक्रेटरी रेड म्हणत. बाबा कव्हर म्हणत, ते फॉलो म्हणत. भांडत. एका शनिवारी मी बाबांना शोधत गेले तर दोघंही बोर्डावर वाकलेले, बाबांच्या भुवईला पावडर, आणि सेक्रेटरी त्यांना नमुना नंबर सात म्हणजे पाण्याच्या अर्जाचा फॉर्म कसा भरतात ते मोठ्या आस्थेनं विचारत होते. मी दारातूनच परत फिरले. त्या दिवशी मला वाटलं की तिकीट आता पाकिटातच राहील.

पण तसं नव्हतं. चैत्र लागला आणि बाबांनी बॅग माळ्यावरून काढून ठेवली. जाणार ते जाणारच. तेवढ्यात आमच्या मराठी मंडळानं चैत्रातला मेळावा नेमका त्या हॉलात घ्यायचं ठरवलं. आमचं मंडळ म्हणजे बँकेतली, रेल्वेतली आणि आवडी इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यातली जुनी घरं, आणि आता आमच्यासारखी कंप्युटरवाली किंवा मोटारीच्या कंपन्यांतली तरुण मंडळी. आंब्याची डाळ, पन्हं, मुलांची गाणी, असा बेत. ठरवायच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, या वास्तूविषयी दहा मिनिटं कोणी बोललं तर बरं. माझ्याबरोबर आलेल्या बाबांनी हात वर केला. आई गेल्यापासून चारचौघांत स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि देवापुढे साखर ठेवली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी हॉल बघायला गेले, पंखे आणि खुर्च्या किती वगैरे. सेक्रेटरी बरोबर होते. त्यांनी ओट्यावर चढून मला दाखवलं, मधोमध गाणारे बसत, इकडे मृदंग, इकडे वायोलिन. मी म्हटलं, काका, साहेबांचं टेबल कुठे होतं? ते हसले. दात नसलेलं, अगदी निर्मळ हसणं.

मग सगळं उलगडलं. त्यांच्या वडिलांना गाण्याचा षोक, म्हणून हा हॉल बांधला. कच्चेरी म्हणजे मैफल. आवर्तन म्हणजे तनि आवर्तनम्, मैफलीच्या शेवटाकडे गाणारा थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो ते, आणि तेव्हा लोक हमखास कॉफीला उठतात. तुक्कडा म्हणजे शेवटची हलकी, छोटी गाणी. पुढे मोठ्या सभागृहांचे दिवस आले, मोठे गवई इकडे यायचे थांबले, हॉल रिकामा पडला. मग सेक्रेटरी आणि त्यांच्या मित्रांनी ओट्यासमोर सहा बोर्ड मांडून क्लब काढला. संध्याकाळी पावडरीचा धूर आणि बाहेर सायकलींची रांग. मग मित्र एकेक करून गेले, कोणी मुलांकडे परदेशी आणि कोणी वरती, आणि शेवटी सेक्रेटरी आणि एक बोर्ड उरले.

मी विचारलं की बाबांची गल्लत त्यांच्या लक्षात कधी आली. म्हणाले, दुसऱ्याच दिवशी. मला राग आला. माझा राग नाकावर असतो, आणि वडिलांच्या बाबतीत तर फारच. उद्या तो माणूस शंभर लोकांपुढे उभा राहून गाण्याच्या हॉलाला पाटबंधारे खातं म्हणणार, आणि तुम्ही दोन महिने मजा बघत बसलात, असं मी बरंच काही बोलले. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. माझं संपल्यावर ते ओट्याच्या कडेवर बसले.

"खोटें मी एकही बोललों नाहीं, अम्मा," ते म्हणाले. "विचारलें तेवढेंच सांगितलें. पण तुमची कचेरी ती ही नव्हे, असें म्हटलें असतें तर राव दुसरे दिवशीं आले असते काय? माझी बायको गेल्यावर घरांत मऱ्हाठी बोलणारें कोणी उरलें नाहीं. नातवंडें तमिळ बोलतात, इंग्लिश बोलतात. ही भाषा माझ्या तोंडांतच पडून होती. राव आले आणि मला विचारूं लागले."

आमच्याच घरातला माणूस तेवढा बुडतोय असं मी धरून चालले होते. इथे हा दुसरा, त्याच काठीला धरून, आणि काठी सुटू नये म्हणून मुकाट बसलेला. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तूंच सांग त्यांस, मजकडून होणार नाहीं.

संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलाशी शेवग्याचा पाला निवडत बसले होते. उद्याच्या भाषणाची तयारी तोंडानं चालू होती. मी समोर बसले आणि सरळ सांगून टाकलं. आडवळणानं सांगायला गेले असते तर त्यांनी मला मध्येच दुरुस्त केलं असतं.

त्यांचे हात थांबले. "म्हणजे गाणं?"

मी म्हटलं, हो. आवर्तन? मी म्हटलं, मृदंगाचं. तुकडे? मी म्हटलं, तीही गाणीच. आता इथे हे सांगायला हवं की बाबांना गाण्याचं अगदी वावडं. आई गायची, चांगली गायची, सकाळी रेडिओ लावून त्याच्याबरोबर गायची, आणि बाबा आतून ओरडायचे की ते बंद कर, माझे आकडे चुकतात. आई आवाज कमी न करता म्हणायची, गाढवाला गुळाची चव काय. हा संवाद आमच्या घरात दुधाच्या पातेल्याइतका नेमानं व्हायचा. तर असा हा माणूस दोन महिने एका गाण्याच्या देवळात बसून कालव्यांची मोजणी करत होता.

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, फलटणला सगळ्यांना फोन करून सांगितलं मी. ऑफिसातल्या सगळ्यांना. मग उठले, पाकिटातून तिकीट काढून त्याची तारीख बघितली, आणि म्हणाले की मंडळाला कळव, माझी प्रकृती बरी नाही. दार लोटून घेतलं. मी नवऱ्याला म्हटलं, संपलं सगळं, माझ्याच हातानं संपवलं. कळवलं मात्र मी कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. भांग पाडलेला. हॉल गच्च भरला होता, पन्ह्याची पातेली ओट्यामागे मांडली होती, आणि पंखे नुसतेच फिरत होते. सेक्रेटरी पहिल्या रांगेत, अंगवस्त्र घेऊन, कानामागे तळहात धरून बसलेले.

बाबा उभे राहिले आणि म्हणाले की आज मी तुम्हाला या वास्तूचे दोन इतिहास सांगणार आहे, एक माझा आणि एक खरा. आणि त्यांनी स्वतःचा इतिहास आधी सांगितला. साहेबांचं टेबल, दप्तराचे खण, रब्बीचं आवर्तन, कॅन्टीनला जाणारे शांत शेतकरी, तुकड्यांची प्रकरणं. सरळ चेहऱ्यानं, सरकारी सुरात, एकही गोष्ट न वगळता. आधी लोकांना कळेना. मग इथे वाढलेल्या पोरांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग त्याच्या शेजारचं, आणि मग सगळा हॉल. आंब्याची डाळ वाढणाऱ्या बायका पातेल्याला धरून हसत होत्या. सेक्रेटरींचे डोळे गळत होते. बाबा थांबले, पाणी प्यायले, आणि मग त्यांनी खरा इतिहास सांगितला, वडिलांच्या हौसेचा, गाण्याचा, क्लबाचा, गेलेल्या मित्रांचा, आणि मध्येमध्ये सेक्रेटरी बसल्या जागेवरून भर घालत होते. मी मागे उभी होते. या माणसाला मी ओळखत होते. संध्याकाळी फलटणच्या घरी सायकल लावता लावता ऑफिसातली गंमत सांगायला सुरुवात करणारा, आणि आईला हसवल्याशिवाय पायातले बूट न काढणारा.

बहुधा त्यांच्याही तेच मनात आलं असावं. शेवटी ते म्हणाले की सेक्रेटरीसाहेबांचे आभार मानायचे आहेत, कारण गेल्या श्रावणापासून माझ्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आता हे एवढं मोठं घडलं. असं काही घडलं की मी ते घरी जाऊन हिला सांगायचो. ती आठ दिवस हसली असती. काल रात्रभर तेच डोक्यात होतं, की हे आता सांगू कुणाला. पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं, पण त्यांचा आवाज इतका खाली गेला की माईकलाही तो सापडला नाही. ते नुसते उभे राहिले.

हॉल गप्प झाला. आणि त्या शांततेत सेक्रेटरींनी, ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, हात कानामागे धरून खणखणीत आवाजात विचारलं, "काय म्हणालां, राव?"

मला वाटलं धावत पुढे जावं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांना नीट ऐकू जावं म्हणून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले, "माझी बायको वारली, म्हणालो."

सेक्रेटरी उठले. काठी खुर्चीलाच राहिली. ओट्यापर्यंत गेले, बाबांचा हात धरला आणि म्हणाले, "माझीही. बसा."

बाबा ओट्याच्या कडेवर बसले आणि रडले. सगळ्यांसमोर, इस्त्रीच्या शर्टात, लहान मुलासारखे. कोणी त्यांना गप्प केलं नाही. त्याबद्दल मी त्या हॉलातल्या प्रत्येकाची आजन्म ऋणी आहे.

अक्षय तृतीयेच्या आधी बाबा ठरल्याप्रमाणे फलटणला गेले. फक्त मला म्हणाले, एक तिकीट तुझंही काढ. घराचं कुलूप त्यांनीच उघडलं. आत पाऊल टाकून ते थोडा वेळ ऐकत राहिल्यासारखे उभे राहिले, आणि मग म्हणाले, "कपाट उघड. तिच्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या ते मी सांगतो."